मोजणीदाराने सांगायला हवं होतं का?

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी कॉलेजने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तीन भाषणं ऐकवली. घड्याळ अजून चालतं. भाषणांतलं त्यांना एवढंच आठवतं की प्रत्येकाने त्यांच्या विषयाचं नाव वेगवेगळं सांगितलं होतं. त्यात त्या लोकांची चूक नव्हती. बाई साहित्य विभागात होत्या, पण शिकवायच्या तत्त्वज्ञान. जुनी, पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली कादंबरी नाहीतर नाटक घ्यायचं आणि त्याच्या पोटातला प्रश्न वर काढायचा: न्याय मोठा की दया, माणूस खरंच स्वतंत्र असतो की त्याला नुसतं तसं वाटतं, खरं बोलणं नेहमीच चांगलं असतं का. तीस वर्षं त्यांनी हे केलं. मुलं वही उघडून बसायची, बाई दोन्ही बाजू मांडायच्या, तास संपायचा. प्रश्न तसेच राहायचे, आणि त्यात बाईंना काही गैर वाटत नसे.

घरी बसून सहा महिने झाले तेव्हा त्यांना स्वतःचाच कंटाळा येऊ लागला. लग्न केलेलं नव्हतं. एक मोठी बहीण होती, ती दुसऱ्या शहरात. शेवटी त्यांनी शहराबाहेरच्या तुरुंगाच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं की आठवड्यातून एकदा कैद्यांबरोबर पुस्तकं वाचायची परवानगी द्या. अधीक्षक सभ्य गृहस्थ होते, पण अशा उत्साही पाहुण्यांनी त्यांना बरंच सतावलं होतं. ते म्हणाले, वाचून कोणी सुधारलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. बाई म्हणाल्या, "मीही पाहिलेलं नाही. मी सुधारायला येत नाही, वाचायला येते." अधीक्षकांना हसू आलं आणि बुधवारची दुपार ठरली.

खोली शिवणविभागाच्या मागे होती. छताजवळ एक जाळीची खिडकी, आठ लोखंडी खुर्च्या, आणि एक टेबल, ज्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय ते स्थिर राहत नसे. पलीकडून यंत्रांची घरघर सतत यायची. सहा जण यायचे. त्यांत एक कंपाउंडर होता, औषधांच्या चोरीत सापडलेला, बोलका, प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक पात्राला आजार चिकटवणारा. एक स्वयंपाकी होता, तो पहिल्या पानापासून शेवट विचारायचा. बाकी तिघे ऐकायचे. आणि एक ड्रायव्हर.

ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, जाड मानेचा, बोलायला जड. ट्रक चालवताना चौकात एका सायकलवाल्या बाईला त्याने उडवलं होतं आणि ती जागीच गेली होती. त्याला तीन वर्षांची शिक्षा होती, त्यातले आठ महिने उरले होते. तो ओळीखाली बोट ठेवून वाचायचा आणि एखादा शब्द अडला की सगळ्यांसमोर विचारायला लाजायचा नाही. बाई सगळ्यांना अहोजाहो करायच्या. कंपाउंडर म्हणाला, इतका मान मिळतो म्हटल्यावर इथं आधीच यायला हवं होतं. सगळे हसले, ड्रायव्हर सोडून.

हिवाळा संपता संपता बाईंनी त्यांची सगळ्यांत आवडती कादंबरी काढली. दीडशे वर्षांपूर्वीची, गोष्ट म्हटली तर एका वाक्याची. एक सरकारी मोजणीदार तरुणपणी मित्राच्या भिडेखातर हद्दीचा दगड पंधरा पावलं सरकवतो आणि एका कुटुंबाची विहीर दुसऱ्याच्या शेतात जाते. कोणाच्या लक्षात येत नाही. ते कुटुंब दूरवरून पाणी आणायला शिकतं, त्यांची मुलं मोठी होतात, विहीर कधी आपली होती हेच विसरतात. चाळीस वर्षांनी म्हातारा मोजणीदार त्यांच्या दारात जाऊन उभा राहतो आणि सांगतो. त्यानंतर काय होतं ते लेखकाने लिहिलेलंच नाही. घरातली म्हातारी त्याला आत या म्हणते, दार लागतं, पुस्तक संपतं.

त्या दार लागण्यावर बाई कॉलेजात दोन तास सहज बोलायच्या. ज्या अन्यायाचं दुःख कोणाला होत नाही, तो अन्याय उरतो का? सत्य ऐकणाऱ्यासाठी असतं की सांगणाऱ्यासाठी? तुरुंगातल्या त्या खोलीत मात्र चर्चा भलतीच रंगली. स्वयंपाकी म्हणाला, म्हातारा मूर्ख आहे, झाकलेलं उघडायची काय गरज. कंपाउंडरने सांगितलं की विसरणं हेही औषधच, आणि चालू औषध मध्येच बंद करू नये. बाई नेहमीप्रमाणे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बोलल्या.

तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "बाई, तुम्ही दोन्हीकडून बोलता. तुमचं स्वतःचं म्हणणं काय? त्याने सांगायला हवं होतं की नको?"

तीस वर्षांत मुलांनीही हा प्रश्न विचारला होता, परीक्षेत काय लिहायचं ते कळावं म्हणून. त्यांना द्यायचं उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्या म्हणाल्या, "माणूस जे लपवतो, त्याच्याच कैदेत तो असतो. दार बाहेरून कोणी उघडून देत नाही."

ऐकायला छान वाक्य होतं. ते आपण कुठे बसून बोलतो आहोत हे बाईंच्या नंतर लक्षात आलं आणि त्या जरा ओशाळल्या. ड्रायव्हरने ते पुन्हा सांगायला लावलं आणि वहीत सावकाश उतरवून घेतलं.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, अधीक्षकांचा फोन आला. ड्रायव्हरने त्यांच्यापुढे जबाब दिला होता. सायकलवाल्या बाईच्या अपघाताचा नव्हे, त्याआधीच्या एकाचा. अकरा वर्षांपूर्वी, पहाटेच्या धुक्यात, एका आडरस्त्यावर त्याच्या ट्रकची धडक एका म्हाताऱ्या माणसाला बसली होती. तो थांबला नव्हता. आरशात त्याला म्हाताऱ्याचा हात हललेला दिसला होता, तरी तो थांबला नव्हता. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या: फिरायला गेलेले वृद्ध उतारावरून घसरून पडले, डोक्याला मार लागून मृत्यू. घरच्यांनी तेच धरून अकरा वर्षं काढली होती. कोणावर संशय नव्हता, तक्रार नव्हती, काहीच नव्हतं.

"म्हणतो, बाईंच्या पुस्तकामुळे," अधीक्षक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "नवा खटला उभा राहील. आणि वर्ग सध्या थांबवू या. बाकीचे सगळे बिथरलेत."

बाईंनी फोन ठेवला. खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं त्यांना भरून आलं, आणि ते निव्वळ दुःखाने नव्हतं. एका पुस्तकाने एका माणसाला इतकं हलवलं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या मिनिटांची लाज त्यांना पुढे फार वाटत राहिली.

ड्रायव्हरची बायको आठवड्याने त्यांच्या दारात आली. पत्ता कोणाकडून मिळवला तिने सांगितलं नाही. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दोन्ही मनगटांवर चटक्यांचे जुने डाग होते. बाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला आणि ती भिंतभर लावलेल्या पुस्तकांकडे बराच वेळ बघत राहिली.

"यातलं कुठलं?" तिने विचारलं.

बाईंनी कादंबरी काढून दिली. तिने ती उघडली नाही, नुसती हातात धरली, एखादी जड वस्तू तोलून बघावी तशी. मग सांगू लागली. मुलगी चौदा वर्षांची आहे. सायकलवाल्या बाईचं प्रकरण अपघात होता, असं तिला सांगितलं होतं, आणि तसं होतंही. शाळेतही तेच सांगून निभावलं होतं. बाप सुटला की दुसऱ्या शहरात राहायला जायचं ठरलं होतं, तिथे ओळखीत एका गोदामात काम बघून ठेवलं होतं. आता मुलगी विचारते, बाबांना तो हात दिसला होता का. बापाला भेटायला यायला ती तयार नाही. घरात त्याचं नाव काढू देत नाही.

"तो मला म्हणाला, माणूस जे लपवतो त्याच्या कैदेत असतो. ते यात लिहिलंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"ते मी म्हणाले होते."

बायकोने मान हलवली. तिने आवाज चढवला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तसं केलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दाराशी जाऊन चपला घालताना म्हणाली, "तुम्ही काय लपवलंय, बाई? तुमच्याकडे पण असेल की काहीतरी. तुम्ही कोणाला सांगितलंत?"

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली.

बाईंकडे होतं. सगळ्यांकडे असतं तसं, असं त्या स्वतःला समजावत आल्या होत्या. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. चार वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या पंधरवड्यात ते दिवसातून दहा वेळा तिचं नाव घ्यायचे. ती आली का, तिला कळवलं का, एवढंच. धाकटी उशाशी बसलेली असायची. रात्रंदिवस सगळं तीच करत होती, परीक्षा बुडवून. ताईने फोन करून विचारलं, "बाबा माझी आठवण काढतात का गं?" आणि धाकटी म्हणाली, "नाही."

का म्हणाली, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. जी निघून गेली तिचं नाव आणि जी थांबली तिच्या हातून औषध, हे तिला सहन झालं नाही. दोन दिवसांनी सांगू, असं ठरवलं होतं. वडील दुसऱ्याच दिवशी गेले. मग त्या "नाही"ला चव्वेचाळीस वर्षं झाली.

ड्रायव्हरची बायको येऊन गेल्यावर बाईंना घरात बसवेना. ज्याची किंमत दुसऱ्याने मोजली तो विचार आपण नुसता तोंडाने वापरला, हे त्यांना खाऊ लागलं. त्या रविवारी त्यांनी गाडी पकडली आणि ताईकडे गेल्या.

ताई अडुसष्ट वर्षांची. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा-सून कामावर, ती दिवसभर एकटी. बहिणीला अचानक दारात बघून तिला आनंद झाला. लगेच चहा टाकला, डबे उघडले, गुडघ्यांची तक्रार सांगितली, शेजारणीची नक्कल करून दाखवली. बाई हसत राहिल्या आणि चहा निवत गेला. शेवटी त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं होतं, ताई रडेल. किंवा हात उगारेल. किंवा, मनाच्या एका चोर कोपऱ्यात, जवळ घेईल.

ताईने ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडाच असलेला ओटा पुसायला लागली.

"किती वेळा घ्यायचे माझं नाव?"

"सारखे."

"शेवटच्या दिवशी?"

"शेवटच्या दिवशीही."

ताई पुसत राहिली. मग पाठमोरीच बोलली. "छोटे, मला वाटायचं, म्हातारा दगडाचा होता. मेला तरी विरघळला नाही. त्या रागावर मी उभी राहिले. ह्यांचा धंदा बुडाला, पोरगं आजारी पडलं, मी कधी वाकले नाही, कारण मनात म्हणायची, अशा माणसाची मुलगी आहे मी, आपणही दगड व्हायचं. आता तू सांगतेस, तो माझी वाट बघत होता." ती वळली. चेहरा कोरडा होता. "आता या वयात हे घेऊन मी काय करू? तूच सांग. तू शिकलेली आहेस."

बाईंनी निवलेला चहा बाजूला सारला. त्या म्हणाल्या, मला क्षमा कर.

"ते तुझं झालं," ताई म्हणाली. "मी माझं विचारतेय."

संध्याकाळच्या गाडीने बाई परतल्या. ताई स्टेशनपर्यंत आली नाही, आणि गुडघे हे कारणही तिने दिलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी ड्रायव्हरने बाईंना भेटायची इच्छा असल्याचं कळवलं. गुन्हा कबूल केल्यामुळे नव्या खटल्याचा निकाल लवकर लागला होता: आणखी चार वर्षं. भेटीच्या खोलीत मधे काच आणि दोन्ही बाजूंना काळे फोन होते. तो वाळला होता, मान बारीक झाली होती. बाईंनी त्याला काय म्हणायचं ते वाटेत खूप घोळवलं होतं, पण फोन कानाला लावल्यावर एवढंच विचारता आलं की आता मोकळं वाटतं का.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. आधी तो हात कधीमधी दिसायचा. आता रोज दिसतो. सगळे त्याच्याबद्दलच विचारतात ना." मग म्हणाला, "पण त्यासाठी नाही बोलावलं. एक विचारायचं होतं. दुसऱ्या कोणाला विचारणार."

कोर्टाच्या बाहेर, व्हरांड्यात, त्या म्हाताऱ्याचा मुलगा त्याच्याजवळ आला होता. पोलिसांनी येऊ दिलं. तो मारायला आला असेल असं ड्रायव्हरला वाटलं आणि मारलं तर बरंच, असंही वाटलं. पण मुलाला फक्त एक गोष्ट हवी होती. त्या पहाटे बापलेकांचं भांडण झालं होतं आणि बाप घरातून निघून गेला होता. अकरा वर्षं मुलाला वाटत होतं, बाबा फिरून परत येताना घसरले; आता तीही खात्री उरली नव्हती. त्याने विचारलं, "ते कुठल्या दिशेने चालत होते? घराकडे की घरापासून लांब?"

"मी म्हटलं, घराकडे," ड्रायव्हर म्हणाला. "त्याने डोळे मिटले. माझा हात धरला हो, बाई. माझा. आणि गेला."

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मला आठवत नाही ते. धुकं होतं. पाठमोरे होते की समोरून येत होते, काही सांगता येत नाही. आयुष्यातलं सगळं खरं बोलून बाहेर आलो आणि लगेच ते एक खोटं बोललो." त्याने काचेवर बोट टेकवलं, ओळीखाली ठेवायचा तसं. "तेही सांगायला हवं का? त्याचा पत्ता आहे वकिलाकडे. पत्र लिहिता येईल."

बाईंनी तोंड उघडलं. एका बाजूने काय म्हणता येईल आणि दुसऱ्या बाजूने काय, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण डोळ्यांसमोर ताई होती, कोरडा ओटा पुसणारी.

"नका सांगू," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती. अडलेला शब्द विचारताना असायचा तसाच तो दिसत होता. "मग मोजणीदार चुकला का?"

"मला माहीत नाही."

"तीस वर्षं शिकवलंत ना ते पुस्तक?"

"शिकवलं. पण मला माहीत नाही."

त्याने हळूहळू मान डोलावली. त्याला आणखी काही विचारायचं असावं, पण पहारेकऱ्याने वेळ संपल्याची खूण केली आणि त्याने फोन जागेवर ठेवला. जाताना तो वळून बघायला थांबला नाही.

बाईंना बाहेर येऊन बसथांब्यापर्यंत चालायला फार वेळ लागला. दुपारचं ऊन होतं, फाटकासमोर भेटीला आलेल्या बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. "नका सांगू" म्हणून आपण त्याच्यावर दया केली, की पुन्हा एकदा त्याच्या गळ्यात आपलं उत्तर बांधलं, हे त्यांना कळेना. आता ते एक खोटं तो चार वर्षं सांभाळणार, आणि सांभाळायला त्यांनीच सांगितलं होतं.

ड्रायव्हरची बायको मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली. धुलाईघरात बाई एकदा तिला शोधायला गेल्या होत्या. तिथे तिच्या जागी दुसरीच कोणी इस्त्री फिरवत होती आणि तिला काही ठाऊक नव्हतं. तुरुंगातली खोली शिवणविभागाने कापडाचे गठ्ठे ठेवायला घेतली. अधीक्षकांनी बाईंना पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणून पत्र पाठवलं, चांगल्या मनाने लिहिलेलं. बाईंनी उत्तर लिहायला घेतलं, पण पहिल्या ओळीच्या पुढे ते गेलं नाही.

ताईचा फोन महिन्याने येतो. गुडघे, औषधं, नातवाची शाळा. मधेच ती गप्प होते. पूर्वी अशी गप्प झाली की बाई काहीतरी बोलून ती जागा भरून काढायच्या. आता त्याही गप्प बसतात, दोन्हीकडे फोन कानाला लावलेले, आणि मग ताई म्हणते, "बरं, ठेवते."